घरचे तुडतुडे

"मॅडम, बांधीत पाय टाकला का पँटवर चढून राहिले जी. फवारू का?"

देवाजीभाऊंचा फोन आला तेव्हा मी नेटहाऊसमध्ये स्टुलावर बसून तुडतुड्यांची पिल्लं मोजत होते. ऑक्टोबर सुरू होता. धान निसवलं होतं, दाण्यात दूध भरत होतं. दिवसा ऊन, रात्री दमट. तुडतुड्याला याहून चांगले दिवस नाहीत.

"एका चुडावर किती दिसतात?" मी विचारलं. चूड म्हणजे रोवणीच्या वेळी एका जागी खोचलेल्या दोन-तीन रोपांचा पुढे होणारा झुबका. आमची सगळी मोजणी चुडावर चालते.

"मोजत नाही बसलो जी. लय हायेत. वरच्या दोन बांध्यांत फवारून झालं. तुमच्या बांध्यांत नाही मारलं. पाटी हाये ना तुमची."

"मारू नका. उद्या सकाळी मी येते."

"तुमी म्हणता त थांबतो."

त्यांनी फोन ठेवला आणि मी पुन्हा पिल्लं मोजायला लागले. मला काळजी वाटली नाही, हे आधीच कबूल करते. उलट मनातून बरं वाटलं. तुडतुडा आला म्हणजे माझ्या वाणाची खरी परीक्षा होणार, आणि पास होणार याची मला खात्री होती.

मी कीटकशास्त्रज्ञ. जिल्ह्यातल्या एका धान संशोधन केंद्रावर माझी सगळी नोकरी झाली. लोकांना वाटतं कीटकशास्त्रज्ञ म्हणजे किडे मारणारी बाई. माझं अर्धं आयुष्य किडे पाळण्यात गेलं. कोणतं धान किडीला दाद देत नाही हे शोधायचं तर हाताशी कीड लागते, आणि ती बारा महिने लागते. म्हणून आमच्याकडे जाळीच्या पिंजऱ्यांत तपकिरी तुडतुडे वाढवायचे. त्यांना खायला रोज कुंड्यांतली कोवळी रोपं. गुराढोरांची होत नाही एवढी त्यांची उठबस असायची.

तुडतुडा तिळाएवढा असतो. तो पानावर नाही, खाली बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतो. त्यामुळे धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बघणाऱ्याला शेत हिरवंगार दिसतं आणि आत घात झालेला असतो. तोंड सुईसारखं. ती सुई तो खोडात खुपसतो आणि रोपाचा गोड रस वाहून नेणारी नळी शोधून पीत बसतो. असे शे-दोनशे एका चुडावर बसले की रोप वाळतं. शेतात गोल गोल करपलेले डाग पडतात आणि ते डाग एकमेकांना जाऊन मिळतात. आमच्याकडे म्हणतात, तुडतुड्यानं धान जाळलं. आग न लागता जळतं, एवढंच.

धानाच्या रोपाला हातपाय नाहीत, पळता येत नाही, म्हणून ते मुकाट मार खातं असा आपला समज. तसं नसतं. काही रोपांच्या खोडाची साल कडक असते, तिथे सुईच नीट शिरत नाही. काहींच्या रसात असं काही असतं की किडा एक घोट घेतो आणि तोंड काढून घेतो. आणि काही रोपं तर कमाल करतात. सुई टोचली की तिथली रसाची नळी आतून बुजवून टाकतात. किडा सुई लावून बसलेला, आणि नळाला पाणी नाही. अशा रोपावर किडा लगेच मरत नाही, पण वाढत नाही. पिल्लांची कात उशिरा पडते. मादीचं पोट भरत नाही, ती अंडी कमी घालते. पुढची पिढी अर्धी, त्याच्या पुढची त्याहून अर्धी. रोप वाचतं ते असं, रेटून.

किडा किती प्याला ते मोजायची आमची एक साधी रीत आहे. तुडतुडा रस पितो आणि मागून गोड थेंब टाकतो. एका औषधात भिजवून वाळवलेला पिवळसर कागद बुंध्याशी ठेवायचा, वरून प्लास्टिकचा पेला उपडा घालायचा, आत थोड्या माद्या सोडायच्या. चोवीस तासांनी कागद काढायचा. रसाचा थेंब जिथे पडला तिथे निळा डाग. डाग मोठा तर किडा पोटभर जेवला. डाग लहान तर उपाशी राहिला.

आमच्या सत्तावीस नंबरच्या लाइनवर डाग मोहरीएवढे यायचे. लाइन म्हणजे अजून नाव न मिळालेला वाण. शून्य ते नऊ असा आमचा स्कोअर असतो, नऊ म्हणजे रोप मेलं. सत्तावीसला तीन वर्षं ओळीनं एक मिळाला होता. मी तो कागद फाइलमध्ये लावून ठेवला होता, लोक लेकराचा निकाल ठेवतात तसा.

या सगळ्यात माझा एक अभिमानाचा भाग होता, आणि तोच पुढे नडला.

नोकरीच्या सुरुवातीला एकदा मी बाहेरच्या शेतातून तुडतुडे पकडून आमच्या पिंजऱ्यात सोडले. त्यांच्यासोबत एक हिरवा बारीक ढेकूण आत आला. तो तुडतुड्याची अंडी खातो. शेतात तो आपला मित्र, पिंजऱ्यात शत्रू. महिनाभरात त्यानं सगळे पिंजरे साफ केले आणि माझा पूर्ण हंगाम वाया गेला. तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर जे बोलायचं ते बोलून घेतलं. या हंगामाच्या आठ वर्षं आधी नवं नेटहाऊस झालं, तेव्हा मी दारावर पाटीच लावली. बाहेरचा कोणताही किडा आत आणू नये. त्या दिवसापासून आमचे पिंजरे असे स्वच्छ की दुसऱ्या केंद्रांवरून लोक बघायला यायचे. एकच नाजूक जात आम्ही तुडतुड्यांना खाऊ घालायचो, टीएन-वन नावाची. तिला बचाव म्हणून काहीच येत नाही. तिच्यावर तुडतुडे भराभर वाढतात, मोजायला सोपे जातात.

नेटहाऊसचं काम शेवंताबाई बघायच्या. लाखनीकडच्या, वीस वर्षं याच कामावर. त्या एकदा कुंड्या बदलताना म्हणाल्या होत्या, "मॅडम, हे आपले तुडतुडे सुस्त झाले. बांधीतल्याले हात लावला का टणकन उडते. हे पाहा, बसूनच राह्यते."

मी म्हटलं होतं, "बरंच आहे की. मोजायला बरे."

दोघी हसलो होतो. ते हसू आठवलं की आजही मला माझीच चीड येते.

देवाजीभाऊंचं गाव सानगडीजवळ. तलावाच्या पाळीखाली त्यांच्या चार बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घातलेला धानाचा तुकडा. पाझरामुळे तिथे दिवाळीपर्यंत ओल असते, म्हणून तुडतुडा दरवर्षी हमखास येतो. मी ते शेत निवडलं ते नेमकं त्यासाठीच. एक बांधी द्या, असं मी म्हटलं होतं. त्यांनी दोन दिल्या.

त्याला कारण होतं. आदल्या वर्षी फवारताना औषध त्यांच्या अंगात भिनलं होतं. धुऱ्यावरच पडले. चार दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी सांगितलं, पंपाला पुन्हा हात लावायचा नाही. तेव्हापासून फवारायला माणूस शोधावा लागायचा, आणि तुडतुडा आला की सगळ्या गावाला एकाच दिवशी तोच माणूस पाहिजे असतो. त्यात त्यांच्या घरची आणखी एक रीत होती. वरच्या दोन बांध्यांतलं धान तुमसरच्या बाजारात जायचं आणि खालच्या दोन बांध्यांतलं घरी खायला राहायचं. त्यांच्या बायकोचं, ललिताबाईंचं म्हणणं, "बाजाराच्या धानाले मारा तुमी औषध. घरचं खायाचं धान बिनऔषधाचं पाह्यजे." मी वाणाबद्दल सांगितलं तेव्हा हेच त्यांना सर्वांत जास्त पटलं. घरच्या खाण्याच्या दोन्ही बांध्यांत त्यांनी माझा सत्तावीस नंबर रोवला. पहिल्या वर्षी एवढा भरवसा ठेवू नका, असं मी म्हणायला हवं होतं. मी नाही म्हटलं.

बांधीच्या तोंडाशी आम्ही टिनाची पाटी उभी केली. प्रात्यक्षिक प्लॉट. फवारणी करू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी साहेबांना फोन केला. साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण सत्तावीसच्या मान्यतेचा प्रस्ताव वर पाठवायची त्यांना घाई होती.

"सर, सत्तावीसच्या प्लॉटवर तुडतुड्याचं प्रेशर आलंय. शेतकरी फवारू का विचारतोय."

"प्रेशर आलंय तर उत्तमच. फवारलं तर डेटा गेला मॅडम. तुम्हाला काय वाटतं, टिकेल ना?"

"टिकेल," मी म्हटलं.

बांधीत उतरून चुडं बाजूला केली. तीस, चाळीस, काही चुडांवर पन्नासच्या वर. नियम असा की दहाच्या वर गेले की औषध मारायचं. पण तो नियम साध्या वाणाचा. प्रतिकारक वाणावर किडा बसलेला दिसला तरी तो पीत असेलच असं नाही. बसलेला किडा आणि जेवणारा किडा यात फरक असतो, हे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितलं होतं. त्या दिवशी स्वतःलाही सांगितलं. एका कोपऱ्यात तव्याएवढा पिवळा डाग होता. मी म्हटलं, पाणी साचलं असेल.

देवाजीभाऊ धुऱ्यावर उभे होते. "काय म्हणता मॅडम? मारू का?"

"एक दिवस द्या मला. किडा पितो की नुसता बसलाय, ते बघते. उद्या सांगते."

ते बांधीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "द्या काहून म्हणता जी? तुमचाच वाण, तुमचीच पाटी. पाहा."

खरं सांगते. डेटाची काळजी साहेबांना होती. मला माझ्या शब्दाची होती. फवारा म्हटलं असतं तर मीच माझ्या वाणावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. चार लोकांसमोर ते मला जड गेलं.

पाण्यात कागद ठेवता येत नाही, म्हणून सत्तावीसची चार चुडं मुळासकट, चिखलासकट उपटली आणि बादल्यांत घालून त्यांच्या घरी आणली. घराच्या पुढच्या छपराला तिकडे सपरी म्हणतात. त्या सपरीत बादल्या मांडल्या, कागद लावले, पेले उपडे घातले, बांधीतल्याच माद्या पकडून आत सोडल्या. ललिताबाई हातातलं सूप बाजूला ठेवून बघत बसल्या.

"यानं काय होते?"

"किडा रस प्याला की कागद निळा होतो."

"म्हणजे जेवढं निळं, तेवढं त्यायनं खाल्लं?"

"बरोबर."

"मंग पाह्यतो मी," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सपरीत पाय ठेवला तेव्हा त्या दारातच होत्या. त्यांनी पेल्याला हात लावला नव्हता. प्लास्टिक पारदर्शक होतं, बाहेरून दिसत होतं.

"मॅडम, कागद समदा निळा झाला."

मी खाली बसले. एक पेला उचलला, दुसरा उचलला. मोहरीएवढे डाग शोधत होते मी. तिथे रुपयाएवढे डाग एकात एक मिसळून कागदाचा पिवळा रंगच उरला नव्हता. टीएन-वनवर येतात तसे. माझ्या वाणावर तुडतुडे पंगतीला बसल्यासारखे जेवले होते.

"फवारा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. बुंध्याशी मारायला सांगा, वरून नको."

पण त्या दिवशी गावात पंपवाला मिळाला नाही. सगळ्यांकडे तुडतुडा होता. देवाजीभाऊ सायकलवर दोन गावं फिरून आले. मी केंद्रावरून माणूस मिळतो का बघितलं, सुटीचा दिवस होता. चौथ्या दिवशी दुपारी एक जण आला. तोवर तव्याएवढा डाग खळ्याएवढा झाला होता आणि त्याच्यासारखे आठ-दहा. औषध मारलं, तुडतुडे मेले. धान परत उभं राहिलं नाही. आठवड्यात दोन्ही बांध्या तपकिरी झाल्या. वरच्या फवारलेल्या दोन बांध्या हिरव्या आणि खालच्या, जिथे पाटी होती, त्या जळलेल्या. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही फरक दिसत होता.

लोंब्यांत दाणा नव्हता, नुसता भुसा. बैलांना तणीस, म्हणजे पेंढा, तरी होईल म्हणून देवाजीभाऊंनी कापून बघितलं. त्यावर काळी बुरशी धरली होती. बैलांनी तोंड लावून सोडून दिलं.

केंद्रावर परत येताना मी काय केलं ते सांगते, कारण माझ्या नोकरीत मी केलेलं ते एकच धड काम असावं. देवाजीभाऊंच्या बांधीच्या कडेला अजून जे जिवंत होते ते दोन-तीनशे तुडतुडे मी नळीनं ओढून बाटलीत भरले आणि नेटहाऊसच्या दारात उभी राहिले. दारावर माझी पाटी. शेवंताबाई आत होत्या.

"मॅडम, बाहेरचे आहेत ना ते?"

"हो. आत घ्या."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि वेगळा पिंजरा काढून दिला.

ते वाढवून पुरेसे व्हायला महिना-दीड महिना गेला. मग आम्ही दोन ट्रे मांडले. दोन्हींत सत्तावीस नंबरची सारखी रोपं. एका ट्रेवर आमचे आठ वर्षांपासूनचे तुडतुडे, दुसऱ्यावर देवाजीभाऊंच्या बांधीतल्यांची पिल्लं. मी रोज बघत होते. आमची पिल्लं सत्तावीसवर सुई लावायची, काढायची, दुसरीकडे जायची. पाच वेळा कात टाकावी तेव्हा पिल्लू मोठं होतं. आमची दोन-तीन कातींवर अडकून राहिली. बारीक, फिकट, पोटं चपटी. बरीचशी मेली. रोपं हिरवी. स्कोअर एक.

शेजारच्या ट्रेमध्ये दोन आठवड्यांत पिल्लांना पंख आले. माद्यांची पोटं टच्च. रोपं आडवी झाली. स्कोअर नऊ.

रोप तेच होतं. त्याचा बचावही तोच होता. फरक किड्यात होता. आमच्या तुडतुड्यांच्या शंभराच्या आसपास पिढ्या टीएन-वनवर गेल्या होत्या. कोणी नळी बुजवतंय, कोणी रस कडू करतंय, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्यांना आयतं गिळायची सवय. बाहेरचे तुडतुडे मात्र इतकी वर्षं शेतातल्या नाना वाणांशी झगडत आले होते. प्रत्येक पिढीत ज्याला जमलं तो जगला, आणि त्याचीच पिल्लं पुढे. सत्तावीसचं कुलूप त्यांच्यासाठी जुनं होतं.

माझे वडील विणकर होते. साडी मागावरून उतरली की ते ती अंगणात नेऊन उन्हात बघायचे, छपराखाली कधीच नाही. मी लहानपणी रोज ते बघितलं होतं आणि तरी आठ वर्षं माझे वाण घरातल्याघरात तपासत बसले.

साहेबांना नेटहाऊसमध्ये बोलावलं. ते आधी म्हणाले, "मॅडम, एका शेतातलं फेल्युअर आहे. सीझन ॲबनॉर्मल होता असं लिहू. तीन वर्षांचे स्कोअर आहेत ना आपल्याकडे."

"सर, आधी ट्रे बघा."

त्यांनी दोन्ही ट्रे बघितले. दोन्हींवरची लेबलं वाचली. मग एक रोप बोटानं हलवून बघितलं.

"मग आठ वर्षांचे बाकीचे स्कोअर? बाकीच्या लाइन्सचे?"

"तेही याच किड्यांवर घेतलेत."

ते माझ्या स्टुलावर बसले. शेवंताबाई पाण्याची झारी घेऊन बाहेर निघून गेल्या.

"लिहा," शेवटी ते म्हणाले. "आहे तसं लिहा. मी सही करतो."

लिहायला दोन दिवस लागले. सत्तावीस मागे घेतली. आणखी अकरा लाइन्सपुढे 'पुन्हा तपासणे' असा शेरा गेला. दोन तरुण सहकाऱ्यांचं काम त्यात बुडालं. ते माझ्याशी नीट बोलत राहिले, त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

देवाजीभाऊंना फोनवर सांगणं मला बरोबर वाटलं नाही. जीपमध्ये तांदळाचं एक पोतं टाकलं आणि गेले. चुरणं, म्हणजे मळणी, आटोपलं होतं, मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे दिवस होते, गावात पाहुणे होते. सपरीत चार माणसं बसलेली. मला बघून त्यातला एक म्हणाला, "या मॅडम. देवाजीले आमी हेच म्हणतो, सरकारी पाटी वाचून तुडतुडा वापस जाईल का रे बाबू?" सगळे हसले. देवाजीभाऊही हसले. हे गावात किती वेळा झालं असेल ते त्यांच्या हसण्यावरून कळलं.

मी त्या चौघांसमोरच सांगितलं. पाटी माझी होती. थांबा मीच म्हटलं. वाण तपासायला जे किडे वापरले ते आमच्या घरचे, लाडावलेले होते, बांधीतले नव्हते. देवाजीभाऊंची काही चूक नाही.

देवाजीभाऊ म्हणाले, "म्हणजे पोरगं ढ नोहतं, पेपरच सोपा काढला होता."

"हो."

"मंग माहं खायाचं धान पेपरातच गेलं म्हणा."

"हो," मी म्हटलं.

जीपमधलं पोतं उतरवायचा मला धीर होईना. भीक घातल्यासारखं दिसेल अशी भीती होती. मी निघाले तेव्हा देवाजीभाऊंनी ते बघितलं, स्वतः खांद्यावर घेतलं आणि आत नेलं. "आणलं त उतरू द्या जी. भात त रोज लागतेच." ललिताबाईंनी पोत्याचं तोंड सोडून मूठभर तांदूळ हातावर घेतले, वास घेतला. "विकतचे हायेत," एवढंच म्हणाल्या. धान्याच्या कोठीवर झाकण म्हणून टिनाचा एक पत्रा होता, तो त्यांनी उचलून बाजूला ठेवला. माझीच पाटी होती. अक्षरं वरच्या बाजूला होती. कोठी रिकामी होती, पोतं तळाशी ओतलं तेव्हा त्याचा आवाज आला.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. भात त्याच पोत्यातला होता. मी ताटात काही टाकलं नाही.

नेटहाऊसच्या दारावरची पाटी मी काढली. आता तिथे दुसरी आहे. दर हंगामात बाहेरच्या शेतातले किडे आणून, ढेकूण वेचून, मगच तपासणी करावी. काम तिप्पट वाढलं. स्कोअर वाईट येऊ लागले. आधी दहातल्या तीन लाइन्स पास व्हायच्या, आता एखादी, तीही जेमतेम. नव्या लोकांना मी एवढंच सांगायचे, की रोपाला बळ किती हे रोपाला विचारून कळत नाही, किड्याला विचारावं लागतं, आणि तो किडा आपल्या हातचं खाल्लेला नको. मी निवृत्त होईपर्यंत सत्तावीसच्या तोडीचं दुसरं काही हाती लागलं नाही. बांधीतल्या तुडतुड्यासमोर टिकेल असं तर नाहीच.

पुढच्या वर्षी, पुन्हा ऑक्टोबरात, देवाजीभाऊंचा फोन आला.

"मॅडम, तुडतुडा आला जी."

"किती आहेत चुडावर?" मी कागद-पेन ओढलं.

"मोजले या वर्षी. पंधरा-वीस." मग खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना. "फवारलं मी. चारही बांध्या. खायाच्याही."

"कोणी फवारलं?"

"माणूस नाही भेटला. डॉक्टर नाही म्हणते, पण नाकाले दुपट्टा बांधून मीच मारलं."

गेल्या वर्षी त्यांनी विचारायला फोन केला होता. यंदा सांगायला केला होता. मी म्हटलं, बरं केलं.